कुंची, मुखवटा आणि ठिपक्यांची सोंगटी

‘डोमिनो’ हा शब्द आज मराठी वाचकाच्या कानावर मुख्यतः दोन निमित्तांनी पडतो: एक, शहरोशहरी पिझ्झा विकणाऱ्या अमेरिकी कंपनीचे नाव म्हणून, आणि दुसरे, एखादी बँक बुडाली किंवा सरकार कोसळले की त्यापाठोपाठ आणखी काय काय कोसळेल याची चर्चा करताना वृत्तपत्रे वापरतात त्या ‘डोमिनो इफेक्ट’ या शब्दप्रयोगात. ज्या बैठ्या खेळावरून हा दुसरा प्रयोग आला, तो ठिपकेदार आयताकृती सोंगट्यांचा खेळ महाराष्ट्रात पत्ते, कॅरम किंवा बुद्धिबळ यांच्याइतका कधी रुजला नाही, आणि म्हणून या नावाचा मूळ अर्थ काय असावा, हा प्रश्नही सहसा कोणाला पडत नाही. तो विचारला, तर त्याचे उत्तर खेळाच्या पटावर नव्हे, तर युरोपातील ख्रिस्ती धर्मगुरूंच्या हिवाळी पोशाखात सापडते. आज परिचित असलेले बाकीचे सारे अर्थ त्या पोशाखानंतरचे आहेत.

या शब्दाच्या तळाशी ‘दोमिनुस’ हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ धनी, मालक, स्वामी असा होतो. ‘दोमुस’ म्हणजे घर. त्या घरावर आणि त्यातील माणसांवर ज्याची सत्ता चालते तो दोमिनुस. लॅटिन, ग्रीक, संस्कृत इत्यादी भाषा ज्या एका प्राचीन भाषेतून निघाल्या असे भाषाशास्त्रज्ञ मानतात, त्या आद्य भारत-युरोपीय भाषेतील घर या अर्थाच्या मूळरूपाचे वंशज म्हणजे एकीकडे लॅटिन ‘दोमुस’ आणि दुसरीकडे वैदिक संस्कृतातील ‘दम’ हा शब्द. संयम या अर्थाच्या ‘दम’हून हा निराळा असून ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात तो घर या अर्थाने आलेला आहे. ‘दंपती’ या शब्दातही तोच दडला आहे, कारण वेदात एकवचनी ‘दंपति’ म्हणजे घरधनी, आणि अग्नीलाही ते विशेषण लावले जाते. द्विवचनात त्याचा अर्थ घराचे दोन धनी, म्हणजे पतिपत्नी, असा होतो आणि पुढच्या भाषेत तेवढाच टिकला. ग्रीकमध्ये याच जोडशब्दाचे ‘देस्पोतेस’ असे रूप झाले व त्यावरून इंग्रजीत ‘डेस्पॉट’, म्हणजे निरंकुश सत्ताधीश, हा शब्द आला. लग्नपत्रिकेवरील दांपत्य आणि इतिहासाच्या पुस्तकातील जुलमी राजा हे शब्दकुळीने सख्खे भाऊ आहेत, ही गोष्ट व्युत्पत्तिशास्त्राच्या विनोदबुद्धीला शोभणारीच म्हणावी लागेल.

रोमन समाजात दोमिनुस हा शब्द निरुपद्रवी नव्हता, कारण गुलाम ज्या नात्याने मालकाकडे पाहत असे ते नाते त्यात व्यक्त होत असे. सम्राट ऑगस्टस याने स्वतःला दोमिनुस म्हणवून घेण्यास नकार दिला होता, आणि घरातील मुलानातवंडांनी थट्टेतही तो शब्द वापरू नये असा त्याचा दंडक होता, असे त्याचा चरित्रकार सुएटोनियस सांगतो. उलट डोमिशियन या पुढच्या एका सम्राटाला ‘स्वामी आणि देव’ असे संबोधन प्रिय होते, आणि इसवी सन २८४ मध्ये सत्तेवर आलेल्या डायोक्लेशनपासूनच्या कालखंडाला तर इतिहासकारांनी याच शब्दावरून ‘डॉमिनेट’ असे नाव दिले आहे. ख्रिस्ती धर्माने मात्र हा शब्द सम्राटाकडून काढून परमेश्वराला दिला. लॅटिन बायबलात आणि उपासनेत दोमिनुस म्हणजे प्रभू, आणि इसवी सनासाठी लिहिल्या जाणाऱ्या ‘ए. डी.’ या अक्षरांचा विस्तार ‘आन्नो दोमिनी’, म्हणजे प्रभूच्या वर्षी, असा आहे.

लॅटिनच्या लेकी म्हणता येतील अशा भाषांत या शब्दाचा वंश अफाट वाढला. स्पॅनिशमधील ‘डॉन’, पोर्तुगीजांचे ‘दोम’ व ‘दोना’, इटालियनमधील ‘मादोन्ना’, फ्रेंचमधील ‘मादाम’ ही सारी दोमिनुस किंवा त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘दोमिना’ यांचीच अपत्ये होत, त्यामुळे महाराष्ट्रातील शाळाशाळांतून दिवसभर ऐकू येणारी ‘मॅडम’ ही हाक मुळात ‘माझी स्वामिनी’ या अर्थाची आहे. मराठी तरुणांच्या बोलण्यात सर्रास येणारा ‘डेंजर’ हा शब्दही याच घराण्यातला आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होता धन्याची सत्ता, आणि धन्याच्या सत्तेखाली असणे म्हणजे धोक्यात असणे, इतके ते सरळ होते. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर हा वंश थेट आला: दोम ही उपाधी लावणारे व्हाइसरॉय, सोळाव्या शतकात आलेला डोमिनिकन संन्याशांचा पंथ, आणि आजही ख्रिस्ती कुटुंबांत आढळणारे डोमिंगोस हे नाव. पोर्तुगीजमध्ये ‘दोमिंगो’ म्हणजे रविवार, कारण तो प्रभूचा वार. अधिवासाच्या दाखल्याला कचेऱ्यांतून म्हटले जाणारे ‘डोमिसाईल’ हे दोमिनुसवरून नव्हे, पण दोमुसवरून आलेले असल्यामुळे चुलत नात्यातले ठरते.

आता प्रश्न उरतो तो शेवटच्या ‘ओ’चा. दोमिनुसपासून फ्रेंच भाषेच्या स्वाभाविक उच्चारबदलांनी ‘डोमिनो’ असे रूप तयार होत नाही. ते जसेच्या तसे लॅटिन विभक्तिरूप आहे. संस्कृतप्रमाणेच लॅटिनमध्येही नामाचे रूप विभक्तीनुसार बदलते, आणि दोमिनुसच्या चतुर्थीचे, म्हणजे ‘प्रभूला’ किंवा ‘प्रभूसाठी’ या अर्थाचे रूप ‘दोमिनो’ असे होते. एखादे विभक्तिरूप सुटे होऊन दुसऱ्या भाषेत नाम बनते, तेव्हा ते बहुधा कोणत्या तरी रूढ वाक्यातून गळून पडलेले असते. येथे ते वाक्य ‘बेनेदिकामुस दोमिनो’, म्हणजे ‘आपण प्रभूचे स्तवन करू या’, हे असावे असे कोशकार मानतात. मध्ययुगीन उपासनेच्या अखेरीस ते म्हटले जाई आणि उपस्थित मंडळी त्याला ‘देवाचे आभार’ असा प्रतिसाद देत. दिवसातून अनेकदा उच्चारले जाणारे आणि नेहमी सांगतेच्या वेळी येणारे हे शब्द लॅटिन न कळणाऱ्यांच्याही कानात बसलेले असणार, यात नवल नाही.

प्रार्थनेतील शब्दाचे असे नाम होणे विरळ नाही. औषध म्हणून दिल्या जाणाऱ्या पण औषधी गुण नसलेल्या गोळीला वैद्यकात ‘प्लासिबो’ म्हणतात, तो शब्द मृतांसाठीच्या सायंप्रार्थनेतील ‘प्लासेबो दोमिनो’, म्हणजे ‘मी प्रभूला संतुष्ट करीन’, या आरंभीच्या शब्दांमधून आलेला आहे. मृताशी काही नाते नसताना, केवळ जेवण वा पैसा मिळावा म्हणून ही प्रार्थना म्हणायला येणाऱ्या भाडोत्री शोकाकुलांवरून त्याला आधी खुशामतीचा आणि मग खोट्या उपचाराचा अर्थ चिकटला. म्हणजे त्याच वाक्यातील पहिला शब्द दवाखान्यात गेला. मराठीतही हाच प्रकार घडलेला आहे. अक्षरओळखीच्या प्रारंभी मुलांकडून ‘ॐ नमः सिद्धम्’ म्हणवून घेतले जाई, त्याचा उच्चार झिजत झिजत ‘ओनामासीधं’ झाला आणि त्यातून विद्येचा आरंभ या अर्थाचे ‘ओनामा’ हे नाम तयार झाले.

फ्रेंचमध्ये पंधराव्या शतकाच्या आरंभापासून ‘डोमिनो’ हा शब्द सापडतो तो एका वस्त्राचे नाव म्हणून. मोठ्या चर्चमधील दगडी दालने हिवाळ्यात असह्य गार पडत, आणि तेथे पहाटेपासून रात्रीपर्यंत ठरलेल्या वेळी प्रार्थना म्हणणारे धर्मगुरू डोके, मान आणि खांदे झाकणारे काळे शिरोवस्त्र घालीत, ज्याची रचना मराठी घरांतील तान्ह्या मुलांच्या कुंचीसारखी असे. ‘दोमिनो, दोमिनो’ म्हणणाऱ्यांचे वस्त्र ते डोमिनो, असे हे नामकरण झाले असावे. त्यात किंचित थट्टाही असेल. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा शब्द इंग्रजीत पोहोचला होता. फ्रान्समध्ये याच नावाने ठशांनी छापलेला रंगीत नक्षीचा कागदही ओळखला जाई आणि तो बनवणाऱ्या कारागिरांना ‘दोमिनोतिए’ म्हणत. पुस्तकांच्या वेष्टनांसाठी व भिंतींसाठी तो वापरला जाई. खेळाच्या कहाणीशी मात्र या कागदाचा संबंध जोडण्याची गरज नाही.

शब्दाच्या आयुष्यातील सर्वांत मोठे वळण यानंतरचे आहे, आणि ते धर्मगुरूंच्या अंगावरून नाचणाऱ्यांच्या अंगावर गेलेल्या वस्त्रामुळे घडले. व्हेनिसच्या कार्निव्हलमध्ये, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या आधी चालणाऱ्या उत्सवात, मुखवटे घालून वावरण्याची प्रथा होती, आणि अठराव्या शतकात ‘मास्करेड’ नावाने ओळखले जाणारे मुखवट्यांचे नाच पॅरिस, लंडन, स्टॉकहोम अशा राजधान्यांत पसरले. लंडनमध्ये हेमार्केट येथील नाट्यगृहात जॉन जेम्स हायडेगर याने भरवलेले नाच इतके गाजले की पाद्र्यांनी त्यांच्याविरुद्ध प्रवचने दिली. अशा समारंभांना राणी, धनगर किंवा तुर्की सरदार यांची सोंगे घेऊन जाता येत असे, पण त्याला खर्च आणि कल्पकता लागे. ज्यांना केवळ ओळख लपवायची असे ते पायघोळ, सैल, डोक्यावर खोळ असलेला झगा आणि डोळ्यांभोवतीचा अर्धा मुखवटा घालीत, आणि या झग्याला जुन्या शिरोवस्त्राशी असलेल्या सारखेपणामुळे ‘डोमिनो’ हेच नाव मिळाले. देवाच्या नावाने सुरू झालेला शब्द तीनएकशे वर्षांत गुपचूप भेटीगाठींचे साधन बनला.

या पोशाखाने एकदा राजहत्येलाही आडोसा दिला. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव १६ मार्च १७९२ च्या रात्री स्टॉकहोमच्या ऑपेरागृहातील मास्करेडला गेला असता काळे डोमिनो आणि मुखवटे घातलेल्या उमरावांच्या टोळीने त्याला घेरले आणि त्यांच्यापैकी आंकारस्ट्रम याने पाठीमागून पिस्तूल झाडले. तेरा दिवसांनी राजा मरण पावला. इटालियन संगीतकार व्हेर्दी याचा १८५९ चा मुखवट्यांच्या नाचावरील प्रसिद्ध ऑपेरा याच घटनेवरून रचलेला आहे. त्यापूर्वी, १८३७ मध्ये, ओबेर या फ्रेंच संगीतकाराने ‘काळा डोमिनो’ या नावाचाच ऑपेरा पॅरिसमध्ये सादर केला होता. त्याची नायिका मठात जोगीण होऊ घातलेली तरुणी असून ती काळा डोमिनो घालून मुखवट्यांच्या नाचाला येते. शब्दाचे धार्मिक आणि रंगेल असे दोन्ही जन्म एकाच पात्रात उतरवण्याची ही कल्पना कोणत्याही कोशातील नोंदीपेक्षा बोलकी आहे. पुढे नुसत्या अर्ध्या मुखवट्यालाही इंग्रजीत डोमिनो म्हणू लागले. मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांनी १९६४ पासून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये ली फॉक यांचा ‘वेताळ’ वाचला. त्या वेताळाच्या डोळ्यांवर असतो तो मुखवटा याच जातीचा.

सोंगट्यांचा खेळ या कथेत उशिरा येतो, निदान युरोपपुरता तरी. चीनमध्ये ठिपक्यांच्या सोंगट्या बाराव्या शतकातही विकल्या जात असल्याची नोंद झोऊ मी या लेखकाच्या आठवणींत आहे. चिनी संचात बत्तीस सोंगट्या असतात आणि प्रत्येक सोंगटी दोन फाशांच्या एका दानाचे चित्र असते; दोन फाशांची एकवीस निरनिराळी दाने पडू शकतात, त्यांपैकी अकरा दानांच्या सोंगट्या दुहेरी असतात, म्हणून एकूण बत्तीस. युरोपात हा खेळ अठराव्या शतकात आधी इटलीत आणि मग फ्रान्समध्ये दिसू लागतो आणि तेथील संच वेगळा आहे: फाशावर शून्य नसते, पण युरोपीय सोंगटीचा अर्धा भाग कोराही असू शकतो, त्यामुळे एकवीस दानांत कोऱ्या भागाच्या सात सोंगट्यांची भर पडून अठ्ठावीसचा संच तयार होतो. चिनी भाषेतील जुन्या नावाचा अर्थ ‘हाडाची फळी’ असा आहे. म्हणजे सोंगट्या पूर्वेकडे कितीही जुन्या असल्या, तरी ‘डोमिनो’ हे नाव सर्वस्वी युरोपीय आहे.

खेळाची रीत सोपी आहे. सोंगट्या पालथ्या घालून मिसळायच्या, दोघे खेळत असतील तर प्रत्येकाने सात घ्यायच्या, त्या प्रतिस्पर्ध्याला दिसू नयेत म्हणून कडेवर उभ्या मांडायच्या, आणि पटावरील साखळीच्या टोकाला असलेल्या अंकाशी जुळणारी सोंगटी आपल्या पाळीला लावायची. ज्याच्या हातातील सोंगट्या आधी संपतील तो जिंकतो. या साध्या खेळाच्या पोटात थोडे सुंदर गणित आहे. अठ्ठावीस सोंगट्यांवर प्रत्येक अंक बरोबर आठ वेळा येतो, आणि साखळीत प्रत्येक सांध्यावर समान अंकांची जोडी होत असल्याने, सगळ्या सोंगट्या संपेपर्यंत साखळी लांबवता आली तर तिची दोन टोके नेहमी सारख्याच अंकाची निघतात. तीनने आरंभ झाला असेल तर शेवटही तीननेच. इंग्लंडमध्ये हा खेळ रुजत होता त्या सुमारास, १८०१ मध्ये, जोसेफ स्ट्रट याने इंग्रज लोकांच्या क्रीडांवरील आपल्या ग्रंथात त्याची फ्रान्सहून आलेला पोरखेळ अशी संभावना केली. क्युबा, जमैका आणि टेक्सास येथे त्याचे पुढे जे प्रस्थ वाढले, ते पाहता स्ट्रटचे मत फारसे खरे ठरले नाही.

खेळाला पोशाखाचे नाव का मिळाले, याबद्दल तीन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले दिसण्यावरून: जुन्या सोंगट्यांचा दर्शनी भाग हाडाचा किंवा हस्तिदंताचा पांढरा आणि पाठ शिसवी काळी असे, आणि बाहेरून काळा, आतून पांढरा असलेला डोमिनो ज्यांनी रोज पाहिला त्यांना ते साम्य सुचणे साहजिक होते. दुसरे विजयावरून: शेवटची सोंगटी लावणारा ‘डोमिनो!’ असे ओरडे, म्हणजे ‘मी धनी झालो’. फ्रेंचमध्ये डाव जिंकण्याला आजही ‘डोमिनो करणे’ म्हणतात. तिसरे स्पष्टीकरण सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत कच्चेही. त्यानुसार मठातील दोन भिक्षू मौनव्रताच्या वेळी हा खेळ खेळत आणि जिंकणारा, वरिष्ठांना संशय येऊ नये म्हणून, प्रार्थनेतील ‘दोमिनो’ हा शब्द पुटपुटत असे. ही कथा गोड आहे, पण खेळाचे पहिले युरोपीय उल्लेख मठांतले नव्हेत, तर शहरी करमणुकीचे आहेत, आणि शब्दाला खेळाचा अर्थ मिळाला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे मास्करेडचा झगा ऐन भरात असताना. ज्या समाजाने झग्याला हे नाव दिले त्याच समाजाने ते सोंगटीलाही दिले, असे मानले की दुसऱ्या कोणत्या कथेची गरज राहत नाही. शब्दाचे लॅटिन मूळ ठाऊक असलेल्या कोणा विद्वानाने भिक्षूंना मागाहून पटावर आणून बसवले असावे.

आज मात्र ‘डोमिनो’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतात त्या जुळवलेल्या नव्हे, तर एकीच्या धक्क्याने दुसरी अशा पडत जाणाऱ्या सोंगट्या. खेळाच्या नियमांत पाडापाडीला कोठेही स्थान नाही. कडेवर उभी राहू शकणारी सोंगटी हाताशी असल्यावर पोरांनी शोधलेला तो उद्योग आहे. त्याला राजकीय प्रतिष्ठा दिली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी. हिंदचीनमध्ये फ्रेंच सैन्य दिएन बिएन फूच्या वेढ्यात सापडलेले असताना ७ एप्रिल १९५४ रोजी पत्रकारांशी बोलताना त्यांनी ओळीने उभ्या केलेल्या डोमिनोंचे उदाहरण दिले: एक देश साम्यवादी झाला की शेजारचेही एकामागून एक होतील. ‘डोमिनो सिद्धांत’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या कल्पनेने व्हिएतनाममधील दीर्घ युद्धाचे समर्थन केले. १९७५ मध्ये सायगाव, नॉम पेन्ह आणि लाओस साम्यवाद्यांच्या ताब्यात गेले हे खरे, परंतु थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया हे देश जागचे हलले नाहीत. देश म्हणजे सारख्या वजनाच्या, सारख्या अंतरावर मांडलेल्या सोंगट्या नव्हेत, हे उपमा देणाऱ्याने लक्षात घेतले नव्हते.

प्रत्यक्ष सोंगट्यांचे भौतिकशास्त्र याहून चमत्कारिक आहे. लॉर्न व्हाइटहेड या शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये दाखवून दिले की पडणारी सोंगटी स्वतःच्या दीडपट मोठी सोंगटीही पाडू शकते, कारण उभ्या सोंगटीत साठलेली ऊर्जा तिला किंचित कलवायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा कितीतरी जास्त असते. नेदरलँड्समध्ये १९९८ ते २००९ या काळात लाखो सोंगट्या पाडण्याचे दूरचित्रवाणीवरील सोहळे होत. शेवटच्या सोहळ्यात ४४,९१,८६३ सोंगट्या पडल्या. २००५ मध्ये लेउवार्डन येथे तयारी चालू असताना सभागृहात शिरलेल्या एका चिमणीने सुमारे २३,००० सोंगट्या पाडल्या म्हणून तिला गोळी घालण्यात आली आणि देशभर संताप उसळला. ती चिमणी पेंढा भरून पुढे रॉटरडॅमच्या निसर्ग-संग्रहालयात ठेवण्यात आली. बाकीच्या सोंगट्या वाचल्या, कारण मांडणाऱ्यांनी ओळींत मुद्दाम फटी सोडल्या होत्या.

गणितज्ञांनी या शब्दाची मोडतोड करून नवे शब्द घडवले. डोमिनो म्हणजे शेजारशेजारचे दोन चौकोन, तेव्हा आरंभीचा ‘डी’ हा जणू दोन या अर्थाचा ग्रीक उपसर्गच आहे असे गमतीने धरून सॉलोमन गोलोम्ब यांनी १९५३ मध्ये ‘पॉलिओमिनो’, म्हणजे अनेक चौकोनांची आकृती, हा शब्द तयार केला. चार चौकोनांचा ‘टेट्रोमिनो’ १९८४ मध्ये निघालेल्या ‘टेट्रिस’ या संगणकखेळामुळे जगभर पोहोचला. बुद्धिबळाचा पट बत्तीस डोमिनोंनी १,२९,८८,८१६ प्रकारे झाकता येतो, हे १९६१ मध्ये सिद्ध झाले. पिझ्झाच्या नावाची वाट मात्र यांपैकी कोणतीच नाही. १९६० मध्ये मोनाघन बंधूंनी अमेरिकेतील मिशिगन राज्यात ‘डॉमिनिक्स’ नावाचे दुकान विकत घेतले आणि १९६५ मध्ये त्या नावाचे ‘डोमिनोज’ केले. बोधचिन्हातील तीन ठिपके तेव्हाच्या तीन दुकानांचे. डॉमिनिक हे व्यक्तिनाम ‘प्रभूचा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले असल्याने, झगा आणि सोंगटी यांना वळसा घालूनही हा पिझ्झा दोमिनुसच्याच घरी जेवतो. भारतात त्याचे पहिले दुकान १९९६ मध्ये दिल्लीत उघडले.

मराठीत ‘डोमिनो इफेक्ट’ हा प्रयोग आता परका राहिलेला नाही, पण तो सैलपणे वापरला जातो. एकापाठोपाठ एक घडलेल्या कोणत्याही घटनांना तो लागू होत नाही. पहिलीचे पडणे हेच दुसरीच्या पडण्याचे कारण असेल, तेव्हाच तो योग्य ठरतो. तीन कारखाने एकाच मंदीमुळे बंद पडले तर तो डोमिनो इफेक्ट नव्हे. पहिल्याने दुसऱ्याचे पैसे बुडवले आणि त्यामुळे दुसऱ्याला तिसऱ्याची देणी चुकवता आली नाहीत, तर तो आहे. लिहिणाऱ्यांनी हा फरक पाळावा, आणि जेथे कारणाची साखळी दाखवता येत नाही तेथे ‘एकामागून एक’ एवढेच म्हणावे.